आठ नंबरचं बटण

२ नोव्हेंबर

ताईचा फोन. सोळा तारखेला येतेय. आईला भेटायला म्हणाली, पण आवाज निकाल लावायला येणाऱ्याचा होता. तिच्या गावाजवळ एक शुश्रूषागृह आहे. खोलीला खिडकी, खिडकीबाहेर झाड, झाडावर पक्षी. पक्ष्यांची वेळ तेवढी तिने सांगितली नाही. "सोळापर्यंत जागा धरून ठेवलीय," म्हणाली. "तुझ्याकडे पाच महिने झाले. आईला काय हवंय, काय नको, तुला कळतं तरी का?"

कळतं म्हणालो. थाप होती.

आईला समजतं सगळं, असं वाचाउपचारवाल्या बाईंचं ठाम मत. पक्षाघाताच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि शब्द गेले, तोंडातले आणि लेखणीतलेही. मान हलते, पण होकाराला आणि नकाराला सारखीच हलते. डावा हात तेवढा शाबूत. मी ताईला म्हणालो, तू ये तर खरी, कुठे राहायचं ते आई स्वतः सांगेल तुला.

फोन ठेवल्यावर विचार करत बसलो, कशी सांगेल.

३ नोव्हेंबर

सुचलं. माउस.

कपाटात जुना लॅपटॉप पडलाय. इतका म्हातारा की लिनक्सशिवाय दुसरं काही त्याला सोसत नाही. त्याला जास्तीची बटणं असलेला माउस लावायचा, आईच्या डाव्या हाताखाली ठेवायचा आणि प्रत्येक बटणाला एकेक शब्द द्यायचा. बटण दाबलं की शब्द ऐकू येणार. दोन दुकानं पालथी घातली. दुसऱ्या दुकानदाराने विचारलं, "गेम खेळणार का साहेब?" म्हटलं, आईसाठी हवाय. तेव्हापासून तो माझ्याशी जरा आदराने बोलायला लागला.

दोन्ही हातांना चालणारा माउस मिळाला. खोक्यात माहितीपुस्तिका होती, ती तशीच राहू दिली. मी अठरा वर्षं घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहितोय. त्या कोणी वाचत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

४ नोव्हेंबर

दिवसभर बटणांची शिरगणती. लिनक्समध्ये एक छोटी आज्ञा आहे. ती दिली की पांढरी चौकट उघडते, त्यात माउस नेऊन बटण दाबायचं की खाली नंबर उमटतो. डावं एक, चाक दाबलं तर दोन, उजवं तीन. चाक वर-खाली फिरवलं की चार-पाच. सहा-सात कुठे गेले ते त्यांनाच माहीत. अंगठ्याखाली दोन: आठ आणि नऊ.

वाटप असं. पहिल्या बोटाखाली 'हो'. दुसऱ्या बोटाखाली 'नको'. चाक म्हणजे 'दुखतंय'. नऊ म्हणजे 'इकडे ये'. आठवर काय घालावं सुचेना. माणसाला आणखी लागतं काय?

शब्द सकाळीच माझ्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवले होते. साडेसातला, चहाच्या आधी, त्यामुळे 'हो' जरा वैतागलेला आलाय. पुन्हा करायचा कंटाळा केला.

आवाज आईच्या खोलीत नको. मी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून काम करतो, तेव्हा लॅपटॉप माझ्याच टेबलावर ठेवला, माउसची वायर लांबवून दाराच्या फटीतून आत नेली. उत्तर थेट माझ्या कानात. उठायला नको.

५ नोव्हेंबर

डाव्या हाताने माउस धरला की पहिलं बोट उजव्या बटणावर पडतं, त्यामुळे सगळं उलटं होत होतं. सेटिंग्जमध्ये 'डावखुरा' असा पर्याय सापडला. तिथे खूण केली, डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली, प्रश्न मिटला.

खुर्चीतूनच ओरडलो, "आई, चहा?"

कानात माझाच वैतागलेला 'हो'.

"बिस्किट?" 'नको'.

"रेडिओ लावू?" 'हो'.

पाच महिन्यांत आमचं इतकं बोलणं झालं नव्हतं. खरं तर त्याआधीच्या पाच वर्षांतही. उठून आत गेलो. आई माउसकडे बघत होती, आणि तोंडाचा शाबूत कोपरा जरा वर गेला होता. चौतीस वर्षं चौकशीच्या खिडकीमागे बसलेली बाई ही. पलीकडून कोणी "ते अमुक कुठे मिळतं हो?" म्हणालं की चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "आधी प्रश्न नीट विचारा." घरी आम्हालाही तेच. "आई, मी जाऊ का?" म्हटलं तरी "कुठे, कोणाबरोबर, कधी परत. आधी प्रश्न नीट विचार."

आता मी नीट विचारतोय आणि ती नीट उत्तर देतेय.

६ नोव्हेंबर

इस्त्रीची पुस्तिका आज पाठवायची होती. 'अंगावरच्या कपड्यांना इस्त्री करू नये' हे वाक्य चौकटीत एकदा आणि मजकुरात एकदा घातलं. आमच्या धंद्याचा पहिला नियम: महत्त्वाची सूचना दोनदा द्यावी. एका ठिकाणी नजर चुकली तर दुसऱ्या ठिकाणी सापडते.

तोच नियम आईच्या माउसला लावला. सेटिंग्जमधली खूण उद्या पुसली गेली तर? जुन्या यंत्राचा काय भरवसा. म्हणून सुरुवातीलाच चालणाऱ्या फाइलमध्ये अदलाबदलीची एक ओळ स्वतंत्रपणे लिहून ठेवली. लॅपटॉप चालू झाला की आपोआप लागू होईल. आता दोनदा पक्कं.

दिवसभर बसवेना. उठतो, पाणी पितो, बसतो, पुन्हा उठतो. दहा दिवस राहिले.

७ नोव्हेंबर

आईने चहा नाकारला.

दोनदा विचारलं. दोन्हीदा 'नको'. जन्मभर कपाला कप लावून चहा पिणारी बाई. त्याऐवजी ओट्स विचारले तर 'हो'. ओट्सला ती भिजवलेला पुठ्ठा म्हणायची. वाटीभर भरवले. डोळे मिटून गिळले. आजारपणात माणसाची चव बदलते, असं वाचलंय कुठेतरी.

मावशी म्हणतात, सकाळी त्यांच्या हातून दोन कप घेते. (मावशी म्हणजे सकाळी नऊ ते बारा आईचं करायला येणाऱ्या बाई. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मावशीच.) मग बरोबर आहे, पोट भरलेलं असणार.

"तुम्हाला कसं कळतं हो, तिला चहा हवाय ते?" मी विचारलं.

"तोंडाकडे बघून," मावशी म्हणाल्या.

यंत्रयुगात असे लोक अजून आहेत.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

आईचं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. पाच महिने कुलूप आहे. माझ्या मनात बरेच दिवस होतं की तिथे आपलं टेबल टाकावं, शांतपणे काम होईल. विचारायला जीभ उचलत नव्हती. आज विचारलं, अर्थात खुर्चीतूनच. "आई, तुझ्या घरात मी माझं ऑफिस केलं तर चालेल?"

'हो'.

लगेच. विचारही करायला लागला नाही तिला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आणि त्याच भरात मोठा प्रश्न विचारून टाकला. "आई, तुला माझ्याकडेच राहायचंय ना?"

'हो'. 'हो'. 'हो'. तीनदा.

ताईला फोन केला. म्हटलं, आईने स्वतः सांगितलंय, तीनदा. शुश्रूषागृहाचं विचारण्याची गरजच उरली नाही. ती म्हणाली, "मी येऊन विचारते." तिचा माझ्यावर लहानपणापासून विश्वास नाही. तिच्या बाहुलीचे केस मी कापले होते, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली.

दार बंद करून थोडं नाचलो.

१० नोव्हेंबर

आईने माउस खाली टाकला. हात निसटला असेल.

खाट हलवली. सारखी समोरच्या भिंतीकडे बघत पडते, तिथे बघण्यासारखं काय तर एक खिळा आणि त्याला तिच्या घराची किल्ली. म्हटलं, खिडकीकडे तोंड करू, रस्ता दिसेल, माणसं दिसतील. विचारलं, "खाट फिरवू?" 'हो' आलं. फिरवली. तर दुपारभर मान वळवून वळवून मागेच बघत राहिली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शाळेतून छत्री हरवून आलोय.

हो म्हणायचं आणि मग रुसायचं. ही आई आहे की शासन.

११ नोव्हेंबर

कुठलं बटण किती वेळा दाबलं त्याची नोंद लॅपटॉप एका फाइलमध्ये ठेवतो. सवयीने उघडून बघितली. कालपासून हो आणि नको जवळजवळ बंदच. 'इकडे ये' दोनदा. आणि आठ नंबर, ज्याच्यावर काहीच नाही, ते दोनशे बारा वेळा.

अंगठा चुकून पडत असणार. आठ बंद करून टाकावं का, असं मावशींना विचारलं. "तेच तर आवडतं त्यांना," मावशी म्हणाल्या. "तुमच्या प्रश्नाला तेच दाबतात बघा, चांगलं ठासून. रिकामं कशाला ठेवलंय?"

"काय घालू त्यात?"

"मला काय विचारता. मी काय चुकून पण यंत्राला हात लावत नाही."

सोळा तारखेला आई ताईसमोर आठच दाबत बसली तर?

१२ नोव्हेंबर

तालीम घेतली. वाचाउपचारवाल्या बाई पंधरवड्यातून एकदा येतात, त्यांनी मागे एक प्रश्नांचा कागद देऊन ठेवलाय. समज किती आहे ते त्यावरून कळतं. आईने आज मेहरबानी करून हो-नको वापरलं. सगळे प्रश्न टेबलावरूनच विचारले, म्हणजे माझ्या चेहऱ्याचा परिणाम व्हायला नको.

बर्फ गरम असतो का? 'हो'.

मासे पोहतात का? 'नको'. (नको काय, नाही म्हणायचं असणार. चालवून घेतलं.)

तुम्हाला दोन मुलं आहेत का? 'नको'.

मी तुमचा भाऊ आहे का? 'हो'.

असे अकरा. अकरापैकी शून्य.

कागद घेऊन बाल्कनीत उभा राहिलो. म्हणजे आई आता नाहीच तिथे. म्हणजे नऊ तारखेचे ते तीन 'हो' म्हणजे मासे पोहत नाहीत तसलेच. आणि मी नाचलो होतो. निकाल वाचाउपचारवाल्या बाईंना फोटो काढून पाठवला. आत जाऊन आईला ओट्स भरवले. खुणेने विचारलंसुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळी आठला बाईंचा फोन.

"शून्य? एकही बरोबर नाही?"

"एकही नाही."

"मग अभिनंदन."

मला वाटलं, चुकीच्या माणसाला लावलाय.

"अहो, डोळे मिटून दाबलं असतं तरी पाचसहा बरोबर आली असती," बाई म्हणाल्या. "अकराच्या अकरा चुकायला सगळी उत्तरं माहीत असावी लागतात. तुमच्या आई ठीक आहेत. तुमचं यंत्र उलटं बोलतंय."

"शक्य नाही. अदलाबदल मी दोनदा करून ठेवलीय."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिथेच मला ते ऐकू आलं. सेटिंग्जमध्ये एकदा उलटं. फाइलमध्ये पुन्हा एकदा उलटं. सहा तारखेला ओळ लिहिली, सातला सकाळी लॅपटॉप चालू केला, आणि सातला आईचा चहा सुटला.

"पण त्यांच्या कसं लक्षात आलं नाही?" बाई विचारत होत्या. "उत्तर त्यांनाही ऐकू येत असेल ना?"

"नाही. ते माझ्या हेडफोनमध्ये येतं."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला हवं होतं. रेंज गेली असं म्हणालो.

फाइलमधली ओळ काढली. लॅपटॉप पुन्हा चालू केला. या वेळी आत जाऊन, समोर उभं राहून विचारलं, "आई, चहा?" आणि बाहेर धावत येऊन हेडफोन कानाला लावला. 'हो'. पुन्हा आत. "अजून एक?" पुन्हा बाहेर. 'हो'. तीन कप झाले. चौथ्यालाही 'हो' होता, पण दूध संपलं.

खाट होती तशी फिरवली, भिंतीकडे तोंड करून. तिने सुस्कारा टाकला.

नऊ तारखेचा प्रश्न मात्र पुन्हा विचारला नाही.

१४ नोव्हेंबर

विचारायची काय गरज. हिशेब सोपा आहे. हो म्हणजे नको. नको, नको, नको. तीनदा. आणि ऑफिसचं विचारलं तेव्हाही.

काय कमी केलं मी? लग्न मोडल्यावर या घरात दोन वर्षं कोणाचा आवाज नव्हता. आईला आणलं तेव्हा सगळे म्हणाले, किती करतोस. माझाही तोच समज होता. आता वाटतं, आत कोणीतरी आहे एवढ्यावर मी भागवत होतो. आत कोण आहे ते बघायला उठत नव्हतो.

ताईला खरं सांगायचं तर शुश्रूषागृह. न सांगायचं तर एक ओळ पुरे. तीच, फाइलमध्ये. ताई विचारेल, आई 'नको' दाबेल, यंत्र 'हो' म्हणेल. सतराला ओळ काढून टाकता येते. कोणाला कळणार आहे?

ओळ टाइप केली. जपून ठेवली नाही. नुसती कशी दिसते ते बघितलं.

मग भलतंच काम काढलं. ताईला फोन करून विचारलं, आईचा आवाज आहे का तुझ्याकडे. "सतरा निरोप आहेत," म्हणाली. "सगळ्यांत मला झापलंय. एकही पुसला नाही." तिने पाठवले. बारावा निरोप ऐकला आणि खुर्चीत नीट बसलो. मागे प्रेशर कुकरची शिट्टी, आणि आई, जशीच्या तशी. त्यातला चार शब्दांचा तुकडा कापून आठ नंबरवर बसवला.

आईला सांगितलं नाही. वाजवूनही बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर

ओळ अजून तशीच उघडी आहे. जपून ठेवलेली नाही, पुसलेली नाही. घरात झाडलोट केली. एकच कपाट चार वेळा लावलं.

१६ नोव्हेंबर

ताई दहाला येणार. साडेनऊला फाइल बंद केली. लॅपटॉपने विचारलं, बदल जपून ठेवायचे का? इतक्या दिवसांत कोणीतरी प्रश्न नीट विचारला होता. नको म्हणालो.

ताई आली. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "कुठे आहे तुझं यंत्र?" मी दाखवलं. हेडफोन कानाला लावायला लागलो तर म्हणाली, "म्हणजे तू एकटा ऐकणार आणि आम्हाला सांगणार?"

हेडफोनची वायर उपटली. लॅपटॉप उचलून आत आईच्या खाटेशी नेला. मावशी कपडे घड्या करत होत्या, त्या थांबल्या.

ताई खाटेवर बसली. आईचा लुळा हात हातात घेतला आणि एका दमात म्हणाली, "आई, तुला इथे याच्याकडे राहायचंय, की मी जागा बघितलीय तिकडे यायचंय, का अजून थोडे दिवस इथे आणि मग तिकडे?"

आईने माउसकडे बघितलं. अंगठा सरकवला.

"आधी प्रश्न नीट विचार."

खोलीत कुकरची अर्धी शिट्टी घुमली. आईचा आवाज, आईच्याच खोलीत. मावशींच्या हातातला टॉवेल खाली पडला. ताईने तोंडावर हात ठेवला. आणि आई, जिला पाच महिन्यांत मी असं हसताना बघितलं नव्हतं, ती अर्ध्या तोंडाने हसली. पुन्हा दाबलं. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा माझ्याकडे बघत होती.

"बरं," ताई डोळे पुसत म्हणाली, "एकेक. इथे राहायचंय?"

'नको'. माझ्या आवाजात. आई दचकली. तिच्या तोंडचे शब्द कोणाच्या आवाजात बोलले जात होते, ते तिला आज कळलं. तिने तोंड वाकडं केलं. बरोबर होतं तिचं.

मी खिळ्याकडे बघत उभा होतो.

"मग माझ्याबरोबर येतेस? शुश्रूषागृहात?"

'नको'.

ताई गोंधळली. तिच्याजवळचे प्रश्न संपले होते. माझ्याजवळ एक होता. तो आठवडाभर, खरं तर पाच महिने, त्या खिळ्याला लटकत होता, आणि मी त्या घरात टेबल टाकायला निघालो होतो. मी किल्ली काढली. आईच्या समोर धरली.

"तुझ्या घरी?"

'हो'. 'हो'. 'हो'. 'हो'.

सकाळी साडेसातचा, चहाच्या आधीचा, माझा वैतागलेला हो. ती दाबतच राहिली. शेवटी ताई म्हणाली, "कळलं गं आई, कळलं."

"मी दिवसभर जाईन तिकडे," मावशी टॉवेल उचलत म्हणाल्या. "माझं घर तिकडूनच जवळ आहे. कधीपासून बघतायत त्या त्या किल्लीकडे. मला वाटलं, दादांना माहीत असेल."

नऊ तारखेचं ताईला सांगितलं. सगळं, उघडलेल्या ओळीसकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाहुलीचे केस कापून तू परत चिकटवायला बसला होतास. गोंदाने." एवढंच.

२३ नोव्हेंबर

आई चार दिवसांपूर्वी तिच्या घरी गेली. दिवसा मावशी, रात्री त्यांची जाऊ. ताई परवा परतली. जाताना शुश्रूषागृहाचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर ठेवून गेली. मुद्दाम की विसरून, कळलं नाही.

लॅपटॉप आणि माउस तिकडेच. माझं टेबल इकडेच. 'डावखुरा'ची खूण एकदाच केलेली आहे, ती रोज जाऊन बघतो. बघतो असं मावशींना सांगतो.

आज गेलो तर आई दाराकडे तोंड करून खुर्चीत. समोर कप, रिकामा. बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "काय मग, कसं काय?"

"आधी प्रश्न नीट विचार."

मावशी आतून हसल्या. मी म्हटलं, "आई, मी उद्या सकाळी नऊला येऊ? चहा प्यायला?"

तिने चष्म्यावरून बघितलं. चौतीस वर्षं खिडकीवर रांगेला बघायची तसं. बोट बटणावर ठेवून रांगेला थांबवतात तेवढं थांबवलं.

मग माझाच आवाज म्हणाला, 'हो'. अजून वैतागलेलाच होता. बदलून देऊ का असं विचारणार होतो, पण तिने तेवढ्यात पुन्हा एकदा दाबलं.